हेदमाचीच्या दगडावरचे सिंह

१

दगड जागेवर होता, पण तो दगड वेगळा होता. हे सगळ्यात आधी गोदूबाई ढेबेला कळलं, आणि गावात तिचं ऐकायला कुणी तयार नव्हतं.

हुमेरा मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं. महाडच्या शाळेतली त्यांची सहावीची मुलं सकाळपासून सहलीवर होती. आधी पोलादपूरला तहसील कचेरी, पोलीस ठाणं आणि न्यायालय बघून झालं. कुठल्या इमारतीत कुठलं काम चालतं, पाटीवर सिंहांची राजमुद्रा का असते, सरकारी इमारत ही खरं तर कुणाच्या मालकीची, हे सगळं मॅडमनी समजावून सांगितलं. मग गाडी घाट चढून हेदमाचीला आली. इथलं स्मारक त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

येताना त्यांनी गोष्ट सांगितली होती. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी या माळावर महिपत ढेबे नावाच्या गुराख्यानं झेंडा लावला. झेंडा महाडहून आणला होता झकेरिया नावाच्या गाडीवानानं. मग लोकांनी कट्टा बांधला आणि त्यावर दोघांच्या नावाचा काळा दगड बसवला. हा झकेरिया म्हणजे मॅडमच्या आजोबांचे वडील, हे ऐकून मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

लहानपणी एकदा हुमेरानं तो दगड पाहिला होता. दरवर्षी झेंडावंदनाच्या आधी त्याला चुना मारायचे, त्यामुळे अक्षरं बुजून गेली होती. जुन्या फोटोंतही नुसता पांढरा दगड आणि झेंडूच्या माळा दिसायच्या. आज मात्र चुना नव्हता. काळ्या दगडावर अक्षरं स्वच्छ होती. एका मुलीनं ती मोठ्यानं वाचली.

वरती राजमुद्रा होती, खाली ‘सत्यमेव जयते’. त्याखाली मजकूर होता: ‘या ठिकाणी आनाजी रावजी खोत यांनी राष्ट्रध्वज फडकवला. आज रोजी हा दगड बसवला. १५ ऑगस्ट १९४७. मौजे हेदमाची, पोलादपूर पेटा, कुलाबा जिल्हा.’

मुलं मॅडमकडे बघायला लागली. मॅडमनी मजकूर पुन्हा वाचला. महिपत नव्हता, झकेरिया नव्हता.

कट्ट्याच्या खालच्या अंगाला शेळ्या चारत एक म्हातारी बसली होती. ती उठली आणि काठी टेकत जवळ आली.

“तू म्हाडची ना गो?” तिनं विचारलं. “यो दगड आमचा नाय. आमचा दगड चोरला.”

२

गोदूबाई महिपतची मुलगी. झेंडा लागला तेव्हा ती बापाच्या खांद्यावर होती. तिला लिहायला वाचायला येत नव्हतं, पण दगडावरचं बापाचं नाव ती ओळखायची, कारण बापानं तिचं बोट धरून ते गिरवून घेतलं होतं. कट्ट्याला चुना मारायच्या आधी दरवर्षी ती दगडाला पाणी घालायची आणि हात फिरवायची.

मग कट्ट्याशेजारी गावाच्या नव्या इमारतीचं काम निघालं. खाली ग्रामपंचायत, वर तलाठ्याचं दप्तर आणि एक सभागृह. काम चालू असताना कट्टा हिरव्या जाळीनं झाकून टाकला होता. जाळी निघाली तेव्हा गावचा पुढारी मुरारी खोत यानं गाव गोळा केला आणि सांगितलं की चुना खरवडल्यावर खरी अक्षरं वर आलीत. लोकांना आश्चर्य वाटलं, पण जुनी अक्षरं कुणीच वाचलेली नव्हती. ज्यांनी वाचली होती ते कधीच गेले होते. गोदूबाईनं हात फिरवून बघितला आणि ओरडली. लोक म्हणाले, म्हातारीचं वय झालं.

ग्रामपंचायतीची कचेरी तोवर नव्या इमारतीत आली होती, तिथे ती तक्रार घेऊन गेली. तिथून तिला चहा पाजून परत पाठवलं. नंतर तिच्या सुनेलाच कुणीतरी सांगितलं की सासूला डॉक्टरला दाखव.

हे ती सांगत होती तोवर मुरारी तिथे आला. पांढरा शर्ट, गळ्यात रुमाल, बोलणं गोड. येत्या निवडणुकीत तो उभा राहणार होता, हे त्यानं दोन वाक्यांतच सांगून टाकलं. मुलांसाठी त्यानं बिस्किटं मागवली. सव्वीस जानेवारीला नव्या इमारतीला त्याच्या आजोबांचं, आनाजी खोतांचं नाव देणार होते, मोठे पाहुणे येणार होते, मुलांनीही यावं असा आग्रह त्यानं केला. दगडाची चौकशी केल्यावर तो हसला.

“मॅडम, दगडावर कोरलेलं असताना तुम्ही मुलांना ऐकीव गोष्टी सांगता? मुलांना खरा इतिहास शिकवा.” मग गोदूबाईकडे न बघताच म्हणाला, “म्हातारीचं मनावर घेऊ नका. तिला काल काय जेवली ते आठवत नाही.”

गोदूबाई तिथेच उभी होती. हुमेरा त्याच्यावर ओरडणार होती. पण समोर चाळीसेक मुलं होती. तिनं एवढंच विचारलं की चुना कुणी खरवडला. मुरारी म्हणाला, कामावरच्या माणसांनी, आणि ती आता गुजरातेत दुसऱ्या कामावर गेलीत.

परतीच्या वाटेवर मुलं गप्प होती. काहीतरी बोलायचं म्हणून मॅडमनी उजळणी घेतली. राष्ट्रीय फूल कुठलं, राष्ट्रीय पक्षी कुठला. मग त्यांनी विचारलं, “राजमुद्रा आपण कधी स्वीकारली?”

मुलं एका सुरात म्हणाली, “सव्वीस जानेवारी एकोणीसशे पन्नास.”

मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला नाही. पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीसला बसवलेल्या दगडावर अडीच वर्षांनी आलेले सिंह कसे बसले, याचाच त्या विचार करत होत्या.

३

घरी दादीनं, झुबेदानं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. झकेरिया तिचे सासरे. महाडच्या बाजारातून मीठ, कापड आणि रॉकेल बैलगाडीतून पोलादपूरपर्यंत आणि तिथून डोक्यावरून वाड्यांवर पोचवणं हा त्यांचा धंदा. महिपतशी त्यांची ओळख तुपामुळे. महिपतचं तूप ते बाजारात विकून द्यायचे. झेंड्याचं कापड त्यांनी कापडाच्या गठ्ठ्यात लपवून नेलं होतं, कारण इंग्रज सरकारच्या मर्जीतल्या आनाजी खोताला ते आवडणार नव्हतं. झेंडा लागल्यावर खोतानं तो काढायला माणसं पाठवली होती. महिपत कुऱ्हाड घेऊन खांबाखाली बसून राहिला आणि माणसं परत गेली. सासरे ही गोष्ट सांगताना नेहमी हसायचे, असं दादी म्हणाली.

हुमेराला हसू आलं नाही. ज्यानं झेंडा उतरवायला माणसं धाडली त्याचंच नाव झेंड्याच्या दगडावर बसलं होतं.

दादीनं मात्र तिला थांबवायचा प्रयत्न केला. आपलं नाव दगडावर असलं काय आणि नसलं काय, आपल्याला कुठे त्यावर जेवायचंय, ती म्हणाली. हल्ली कशावरून काय पेटेल सांगता येत नाही. आपण वाद घातला की लोक दगड विसरतील आणि आपल्यालाच बघत बसतील. आदिलचा ट्रक रोज त्या घाटातून जातो. आदिल म्हणजे हुमेराचा भाऊ.

दादीचं भय खोटं नव्हतं, आणि याचाच हुमेराला जास्त राग आला. ती म्हणाली, “दादी, उद्या परीक्षेत मुलांना काय लिहायला सांगू? दगडावरचं का खरं?”

दादीनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “तुझ्या पणजोबाचं सोड. त्या बाईला वेडी म्हणाले ना? त्याच्यासाठी जा.”

आदिलकडून एक गोष्ट त्याच संध्याकाळी कळली. हेदमाचीच्या वाटेवर अवजड माल नेणाऱ्या गाड्या मोजक्याच आणि त्यांचे चालक एकमेकांना ओळखणारे. त्यानं सगळ्यांकडे विचारलं. इमारतीचं सामान वर गेलं होतं, पण काळा दगड खाली घेऊन कुणीच आलं नव्हतं. नवा दगड मात्र वर गेला होता. तो महाडच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर असलेल्या दीपकच्या कारखान्यातून निघाला होता.

४

दीपक कोनशिला, देव्हारे आणि पाट्या कोरून द्यायचा. हुमेरा गेली तेव्हा त्याच्या अंगावर पांढरी पूड होती आणि मागे दगड कापायचं यंत्र चालू होतं. दगडाचं नाव काढताच त्यानं यंत्र बंद करायला सांगितलं.

त्यानं काही लपवलं नाही. मुरारीनं जुना दगड झिजला म्हणून तसाच नवा करायला सांगितला होता. जुन्यासारखा दिसावा म्हणून कडा ठोकून घ्यायला आणि आम्लानं चकाकी उतरवायलाही सांगितलं होतं. दीपकला त्यात वावगं वाटलं नाही. झिजलेल्या दगडाची नक्कल लोक करून घेतातच. आपण आपलं काम केलं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. हुमेरा गप्प राहिली की त्याचा आवाज चढत होता.

तिनं विचारलं की मजकूर कुणी दिला. मुरारीनं फोनवर सांगितला, दीपक म्हणाला. पण तो मजकूर मुरारीचा नव्हता. त्याला कुणीतरी शेजारून सांगत होतं आणि तो पुढे बोलत होता.

“कशावरून?”

“मुरारीशेठ ‘पेटा’ या शब्दाला अडले. मीही म्हटलं, तालुका असेल. तर त्यांनी शेजारी विचारलं, पेटा म्हणजे काय? आणि मग मला म्हणाले, तेव्हा पोलादपूर तालुका नव्हता, महाड तालुक्याचा पोटभाग होता, पेटाच लिही. जिल्हापण रायगड नाय, कुलाबा लिही. शेजारचा आवाज मला नीट आला नाही, यंत्र चालू होतं. बाई का पुरुष तेपण सांगता येणार नाही.”

“आणि सिंह?”

ते सगळ्यात शेवटी सांगितल्याचं दीपकला आठवत होतं. मुरारी फोन ठेवणार एवढ्यात शेजारच्यानं थांबवलं. वरती राजमुद्रा घालायची, ‘सत्यमेव जयते’सकट. मुरारीला ती कल्पना फार आवडली होती.

हुमेरा मोटारसायकलींच्या गर्दीतून घरी निघाली. कामगारांची पाळी सुटली होती, रस्ता भरला होता, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. खोटं करणारा अडाणी असता तर त्यानं रायगड जिल्हा लिहिलं असतं, पोलादपूर तालुका लिहिलं असतं. या माणसाला पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा पेटा माहीत होता. आणि सहावीच्या मुलांना जे पाठ असतं तेवढं मात्र त्याला माहीत नव्हतं?

५

हेदमाचीत इतकं जुनं माहीत असणारी माणसं दोनच असू शकत होती. एक ग्रामसेविका मीना, जिच्या ताब्यात जुनी सरकारी दप्तरं होती. दुसरे गावच्या शाळेचे मुख्याध्यापक किरण सर, ज्यांनी आसपासच्या वाड्यांचा इतिहास गोळा केला होता.

हुमेरा आधी मीनाकडे गेली. मीना तिशीतली, तिखट बोलणारी. ती आधी भडकलीच. इमारत ठेकेदारानं बांधली, दगड मुरारीनं बदलला असेल तर त्याला विचारा, दर दोन दिवसांनी कुणीतरी माझ्यावर ओरडतं, असं ती म्हणाली. गोदूबाई आली होती तेव्हा तिला चहा देण्यापलीकडे आपण काही केलं नाही, हेही तिनंच सांगितलं, आणि ते सांगताना तिचा आवाज जरा उतरला.

हुमेरानं कागदावर दगडाचा मजकूर लिहून तिच्यापुढे ठेवला. मीनानं तो वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“हे पेटा काय आहे? आमच्या लातूरकडे आग्र्याचा पेठा ऐकलाय. हे गावाचं नाव आहे का?”

हुमेरानं तिला समजावलं. जी बाई हा प्रश्न विचारते तिनं मुरारीच्या शेजारी बसून उत्तर दिलं नसणार. मग तिनं मीनाला राजमुद्रेची तारीख सांगितली. मीना खुर्चीत ताठ झाली.

“थांबा. दगड नवा आहे हे सिद्ध झालं तर दुसरंही एक आहे. राजमुद्रा कुणालाही अशी वापरता येत नाही. परवानगी लागते. माझ्या कचेरीच्या आवारात हे झालंय, म्हणजे मला विचारलं जाणार.” ती उठून खिडकीपाशी गेली. “मला गृहीत धरलं यांनी. बाहेरची बाई, हिला काय कळणार.”

ती सोबत यायला तयार होती, पण हुमेरा एकटीच शाळेकडे गेली. शाळा सुटलेली होती. व्हरांड्याच्या भिंतीवर राष्ट्रीय प्रतीकं रंगवली होती: वाघ, मोर, कमळ, वड. चित्रं सुरेख होती, आणि प्रत्येकाखाली दोन ओळी माहिती. शेवटचं चित्र राजमुद्रेचं होतं. चौथा सिंह मागे असतो म्हणून दिसत नाही, असं तिथे लिहिलं होतं. त्याखाली ठळक निळ्या रंगात तारीख होती: २६ जानेवारी १९५०.

“ती भिंत मीच रंगवली,” मागून आवाज आला. किरण सर दारात उभे होते. “तुम्ही येणार हे मला वाटलंच होतं. पण फार उशिरा आलात.”

६

किरण सरांनी तिला आत बसवलं. मधल्या वयाचा, चष्मा लावणारा, हळू बोलणारा माणूस. हुमेरानं आपला तर्क सरळ मांडला. जिल्हा बरोबर, पेटा बरोबर, आणि जिथे कुणीही चुकणार नाही तिथे चूक. म्हणजे ती चूक नव्हती. ज्यानं मजकूर दिला त्यानं खोटं पकडलं जावं म्हणून सिंह घातले. आणि ज्यानं हीच तारीख भिंतीवर रंगवली त्याच्याशिवाय ते कोण करणार?

सरांनी नाकारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला, तो हुमेराला अजिबात सहन झाला नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. शाळेत मुलं कमी, शाळा बंद करून दुसरीकडे जोडायची असं वरून चाललं होतं. मुरारी म्हणाला होता, माझं काम करा, शाळा राहील. नाहीतर तुमची बदलीही अशा ठिकाणी करीन की आईला दवाखान्यात नेता येणार नाही. सरांनी मजकूर दिला. पण सिंह घालायला सांगितले. मुरारीला ते शोभेचं वाटलं. सरांना वाटलं, कुणीतरी शिकलेला माणूस येईल आणि बघताक्षणी ओळखेल. मग पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं. अधिकारी आले, पाहुणे आले, दुसऱ्या शाळांचे शिक्षक आले. सगळ्यांनी दगडासमोर उभं राहून फोटो काढले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

“मी रोज वाट बघत होतो,” सर म्हणाले.

हुमेरा उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

“कुणाची वाट बघत होता, सर? गोदूबाई रोज कट्ट्यावर येत होती. ती गावभर सांगत होती. तिला वेडी ठरवली तेव्हा तुम्ही या खुर्चीत बसला होता. तुम्हाला माहीत होतं ती खरं बोलतेय. तुम्हाला शिकलेला माणूस हवा होता. ती नको होती.”

 आई, शाळा, मुलं, असं काहीतरी सर पुन्हा बोलायला लागले. हुमेरानं ते पुरं होऊ दिलं नाही. जुना दगड कुठे आहे, एवढंच तिनं विचारलं. तो गावाबाहेर गेलेला नाही हे आपल्याला माहीत आहे, असंही सांगितलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. मुरारीनं दगड फोडायला सांगितला होता. कामावरच्या माणसांना आपण फोडू नका म्हणालो, ते म्हणाले. चांगला दगड आहे, कुठेतरी वापरा.

“कुठे वापरला?”

“नव्या इमारतीला,” ते म्हणाले. “दाराची पहिली पायरी. पालथा घातलाय.”

७

सव्वीस जानेवारीला कट्ट्यासमोर गाव जमला. नव्या इमारतीवर झाकलेली पाटी होती, दाराला फीत होती. पाहुण्यांची गाडी पोलादपूरहून निघाल्याचा निरोप आला होता. हुमेरा महाडहून आली होती, दादीला घेऊन. दादीनंच यायचा हट्ट धरला होता.

मीनानं माइक हातात घेतला आणि सांगितलं की कार्यक्रमाआधी एका तक्रारीची शहानिशा करायची आहे. तक्रार गोदूबाई ढेबे यांची. मुरारी हसत पुढे आला, पण मीनानं त्याला माइक दिला नाही. तिनं तो हुमेराला दिला.

हुमेरानं फार बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तिनं समोर बसलेल्या गावच्या मुलांना विचारलं की राजमुद्रा कधी आली. मुलांनी सांगितलं. मग तिनं त्यांना दगडावरची तारीख वाचायला लावली. मोठ्या माणसांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मागच्या रांगेत कुजबूज सुरू झाली.

मुरारीनं लगेच बाजू सांभाळली. कोरणाऱ्यानं हौसेनं चित्र घातलं असेल, मजकूर तर जुनाच आहे, तो म्हणाला. लोकांना ते पटण्यासारखं वाटलं. मग हुमेरानं किरण सरांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. सर जागचे हलले नाहीत. 

हुमेरा त्यांच्यासाठी थांबली नाही. इमारतीची पहिली पायरी उचला, ती म्हणाली.

मुरारीचं हसू तिथे गेलं. सरकारी इमारत आहे, नुकसान केलं तर गुन्हा दाखल करीन, असं तो ओरडला. मीना शांतपणे म्हणाली की इमारत तिच्या ताब्यात आहे, पायरीचं नुकसान ती भरून देईल, आणि राजमुद्रा कुणाच्या परवानगीनं कोरली याचं उत्तर मुरारीनं तयार ठेवावं. मग तिनं पहारी मागवल्या. क्षणभर कुणी पुढे येईना. शेवटी गोदूबाईचा नातू उठला, त्याच्यामागे आणखी चौघे उठले.

दगड सहज निघाला नाही. सिमेंटनं त्याला घट्ट धरलं होतं. सुटला तेव्हा त्यांनी तो उलथा केला, आणि खाली राहिलेल्या सिमेंटवर अक्षरं वर उठून आलेली दिसली, आरशात दिसावीत तशी उलटी. दगडावर ती सरळ होती. काहींत सिमेंट भरलं होतं, तरी वाचता येत होती. महिपत ढेबे. झकेरिया गाडीवान. १५ ऑगस्ट १९४७. वर सिंह नव्हते, काहीच नव्हतं.

 मीना तोंडावर हात ठेवून उभी होती. गोदूबाई तक्रार घेऊन आली होती तेव्हा याच पायरीवर पाय ठेवून आत आली होती, आणि ते दोघींच्याही एकदमच लक्षात आलं.

“मी बापाच्या नावावर पाय दिला,” गोदूबाई म्हणाली. ती रडली नाही. ती मुरारीकडे बघत होती. “तूच द्यायला लावलास.”

मग गावातली वडीलधारी माणसं पुढे झाली. पाहुणे येतच होते. त्यांनी मध्यम मार्ग काढला. झालं ते झालं, आता तिघांचीही नावं घालू, गावाची अब्रू राहील. मुरारीनंही घाईघाईनं मान हलवली. झुबेदादादी एवढा वेळ खुर्चीत बसून होती. ती म्हणाली, आमचं नाव हवं तर काढा, पण त्या माणसाचं नाव महिपतच्या शेजारी लिहू नका.

“लिवा की आनाजी खोताचं,” गोदूबाई म्हणाली. “पण सगळं लिवा. त्यानं झेंडा काढायला माणसं धाडली व्हती ते लिवा. मग माझं काय म्हणणं नाय.”

मध्यम मार्गाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मीनानं इमारतीवरची पाटी उघडू दिली नाही, आणि तहसीलदारांना फोन लावून जे झालं ते तिथूनच कळवलं. पाहुण्यांची गाडी घाटातूनच मागे वळल्याचं नंतर समजलं. मुरारी आपल्या माणसांबरोबर निघून गेला. पुढे त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला. त्याला उमेदवारी मिळाली नाही, पण गावात त्याच्याशी बोलायचं कुणी सोडलं नाही, आणि हुमेराला या गोष्टीचा राग शेवटपर्यंत राहिला.

झेंडा लावायचा बाकी होता. लोकांनी गोदूबाईला दोरी ओढायचा मान देऊ केला. तिनं नकार दिला. मागं वेडी म्हटलंत, आता मान देताय, दोन्ही तुमच्याकडंच ठेवा, ती म्हणाली. झेंडा मीनानं फडकवला. राष्ट्रगीत झालं. मुलं बसली.

गोदूबाई मात्र उभीच राहिली. तिनं काठीनं किरण सरांकडे दाखवलं. मास्तरानं आता पोरांना सांगावं, ती म्हणाली, दगड कुणी बसवला, कुणी बदलला आणि मास्तर कुठं व्हता.

सर उठले. हुमेरानं माइक त्यांच्याकडे दिला नाही, तो मीनाच्या टेबलावरच राहिला. सरांनी मुलांकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि बोलायला सुरुवात केली. पहिल्या रांगेच्या पलीकडे कुणालाच ते ऐकू गेलं नाही.

“मोठ्यानं सांग रे,” गोदूबाई म्हणाली. “मागं ऐकू येत नाय.”

सरांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.